मंत्रचळ : शंका आणि साबण



“याला काय चळ लागलाय का?” असं आपण गावात सहज बोलून जातो. कुणी लावलेलं कुलूप चार वेळा ओढून पाहतो, कुणी विहिरीवर पाय घासतच बसतो, कुणी धुतलेलं भांडं पुन्हा पुन्हा धुतो. आपण हसतो, टोपणनाव ठेवतो आणि पुढं जातो. ज्याला हसतो तो मात्र त्या वेळी आतून पोळत असतो. या पोळण्याला आपल्या भाषेत जुनं नाव आहे : मंत्रचळ. डॉक्टर लोक त्याला ‘ओसीडी’ म्हणतात. आज त्यातल्या एका प्रकाराविषयी बोलायचं आहे. रोगाची, विषाची, घाणीची भीती मनात घर करून बसते आणि कितीही धुतलं तरी जात नाही, तो हा प्रकार.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हात धुण्याविरुद्ध मला काही सांगायचं नाही. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी १८४७ साली एक नियम घालून दिला. शवविच्छेदन करून प्रसूतीकक्षात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरानं आधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुवायचे, असा तो नियम. १८४६ साली त्या कक्षात शंभर बाळंतिणींमागं अकरा दगावत होत्या. १८४८ साली हा आकडा शंभरात एकाच्या आसपास आला. नुसत्या हात धुण्यानं एवढ्या माउल्या वाचल्या! जेवणापूर्वी, शौचाहून आल्यावर, लेकराला भरवण्यापूर्वी हात साबणानं स्वच्छ धुवावेत, हे शाळेत शिकवतात ते योग्यच आहे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा वीस सेकंद हात धुवा असं साऱ्या देशाला सांगण्यात आलं, तेही योग्यच होतं.

पण वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद. धुणं झालं, की नळ बंद व्हायला हवा. मंत्रचळात नेमका हा नळ बंद होत नाही.

एक घर डोळ्यांपुढं आणा. घर कल्पनेतलं आहे, पण त्यात घडतं ते खोटं नाही. यवतमाळकडचा कापसाचा पट्टा. पऱ्हाटीवर फवारणी चाललेली. २०१७ सालच्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्यामुळं घरच्या बाईनं नवऱ्याला बजावलं : फवारून आलात की आधी अंगणात अंघोळ करायची आणि कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे. शहाणपणाचीच गोष्ट. तिचं कौतुकच करायला हवं.

पुढं काय झालं ते पाहा. एका अंघोळीनं तिचं समाधान होईना, म्हणून दोन झाल्या. मग ज्या खाटेवर तो टेकला ती खाट धुतली. मग कृषी केंद्रातून सुटे पैसे आले ते धुतले. शाळेची वाट त्या दुकानावरून जाते, म्हणून पोरांची दप्तरं धुतली. हंगाम संपला, फवारणीचा पंप माळ्यावर गेला, दिवाळी झाली, पण भीती माळ्यावर गेली नाही. गावात टँकर लागला. वाट्याला चार हंडे पाणी. त्यातले तीन हंडे मोरीत जाऊ लागले. बाईचे हात सोलवटले, बोटांना चिरा पडल्या. पिठातल्या मिठानं त्या झोंबू लागल्या. आणि एक दिवस तिनं भाकरी थापणंच सोडलं. झोंबतं म्हणून नव्हे. ‘माझ्या हाताचं विष लेकरांच्या पोटात गेलं तर?’ या भीतीनं.

आता सासू म्हणते, “सून कामचुकार आहे.” शेजारीण म्हणते, “बाहेरचं काहीतरी लागलंय.” नवरा पाण्यावरून रोज भांडतो. पोरगं जवळ आलं की आई दोन पावलं मागं सरते, म्हणून पोरगं हिरमुसतं. आणि ती बाई? तिला सगळं दिसतं. विष नाही हे तिला कळतं. पाणी वाया जातं हेही कळतं. ‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण आपण आळशी माणसाला लावतो. खरी लागू पडते ती इथं. लेकरांवरच्या मायेपोटीच ती लेकरांना दुरावली आहे. या आजाराचं सगळ्यात मोठं दुःख हेच.

असं का होतं? आपलं मन हे शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यासारखं आहे. चोराची चाहूल लागली की त्यानं भुंकलंच पाहिजे. काही जणांचं हे कुत्रं पान हललं तरी भुंकतं. मेंदूच्या पुढच्या भागातून खोलवरच्या केंद्रांकडं जाणारे आणि तिथून परतणारे संदेशांचे मार्ग असतात. ‘काम झालं, आता पुरे’ ही जाणीव या मार्गांवर नीट उमटत नाही, असं शास्त्रज्ञांना दिसून आलं आहे. आजाराचा काही भाग रक्तातूनही येतो. ज्यांच्या जवळच्या नात्यात हा आजार आहे त्यांना तो होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर शंभर माणसांत एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी मंत्रचळ गाठतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस माणसं तरी अशी निघतील. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण लाजेनं ती हे लपवतात.

आता यातली खरी गोम सांगतो. शंका आली की जीव कासावीस होतो. धुतलं की बरं वाटतं. हे बरं वाटणंच घात करतं! मन शिकतं की ‘धुतलं म्हणून वाचलो.’ पुढच्या खेपेला शंका अधिक जोरात येते आणि अधिक धुवायला लावते. जुन्या काळच्या सावकाराचं कर्ज आठवा. व्याज भरलं की सावकार दारातून जातो, चार दिवस सुखाचे जातात, पण मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या वेळी व्याज वाढलेलं असतं. मंत्रचळाच्या माणसाचं प्रत्येक जादा धुणं हे असं व्याज आहे.

हे व्याज साबणानंच भरलं जातं असंही नाही. कुणाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची धास्ती बसते. कुत्रं रस्त्याच्या पलीकडून गेलं, चावलं नाही, ओरखडलं नाही, तरी तो घरी येऊन पाय उलटेपालटे करून पाहतो. बायकोला विचारतो, “मला काही होणार नाही ना?” ती म्हणते, “नाही.” दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारतो. कुणी एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं रक्ताच्या तपासण्या करत हिंडतो. कागदावर ‘दोष नाही’ असं असलं तरी ‘कागदच बदलला असेल तर?’ ही शंका उरतेच. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवलं आहे ते काही उगीच नाही.

मग सावधपणा कुठं संपतो आणि मंत्रचळ कुठं सुरू होतो? पिसाळीचंच उदाहरण घेऊ. कुत्रं खरोखर चावलं, ओरखडलं, किंवा उघड्या जखमेला चाटलं, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लशीचा पूर्ण क्रम घ्यायचा. इथं हयगय करणं जिवावर बेतेल. हा सावधपणा. त्याला कारण आहे, त्याची रीत ठरलेली आहे आणि त्याला शेवट आहे. मंत्रचळाला कारण पुरत नाही, त्याची रीत रोज वाढत जाते आणि त्याला शेवट नसतो. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा. याच कामासाठी गावातला दुसरा समजूतदार माणूस एवढं करील का? एकदा नीट केल्यावर मन थांबतं का? आणि यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जातो का, काम, शाळा, संसार अडतो का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘होय’ असं उत्तर आलं, तर डॉक्टरांना विचारण्याची वेळ झाली, असं समजावं.

इथं आपल्या समाजातली एक गुंतागुंत ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडं सोवळं-ओवळं, विटाळ हे शब्द घराघरात मुरलेले आहेत. त्यामुळं एखाद्या घरात हा आजार सोवळ्याच्या पदराआड वर्षानुवर्षं लपून राहतो. म्हातारी दिवसातून पाच वेळा न्हाते, तर लोक म्हणतात, “फार कडक सोवळं आहे हो त्यांचं!” तिचा जीव किती थकलाय हे कुणी विचारत नाही. उलट बाजूनंही घोटाळा नको. माणसाचा विटाळ मानणं, जातीवरून शिवाशिव पाळणं, हा काही मंत्रचळ नव्हे. तो अन्याय आहे. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे. आजाराची ढाल त्याला कुणी करू नये.

स्वच्छतेचा धडा घ्यायचाच तर तो गाडगेबाबांकडून घ्यावा. बाबा गावात येत, हातात झाडू घेऊन गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडून झालं की झाडू खाली ठेवून ते माणसांत मिसळत. जी स्वच्छता माणसाला माणसांपासून तोडते, तिच्याकडं संशयानं पाहायला हवं.

आता उपायाचं बोलू. मंत्रचळ म्हणजे वेड लागणं नव्हे. आपल्याला होतंय ते अति आहे, हे बहुतेकांना उमजत असतं. आणि या आजाराला उपाय आहेत. १९६६ साली लंडनमधले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी अशा दोन रुग्णांवर केलेल्या उपचाराची हकिगत प्रसिद्ध केली. तोवर लोक समजत होते की अशा माणसाला धुण्यापासून अडवलं तर तो कोसळेल. मायर यांनी रुग्णांना भीतीच्या वस्तूंजवळ नेलं आणि नंतरचं धुणं थांबवलं. रुग्ण कोसळले नाहीत. उलट सुधारले. त्यानंतर देशोदेशी ही रीत पारखली गेली आणि आज ती या आजारावरचा प्रमुख उपचार मानली जाते.

आपल्या त्या घरातल्या बाईला हा उपचार कसा देतील? मानसोपचारतज्ज्ञ तिच्याबरोबर बसून भीतीची एक शिडी तयार करतील. खालची पायरी अशी : नवरा अंघोळ करून आल्यावर त्याच्या धुतलेल्या सदऱ्याला हात लावायचा आणि पंधरा मिनिटं हात धुवायचे नाहीत. छाती धडधडेल, घाम फुटेल. थांबायचं. उधळलेला बैल धावून धावून थकतो, तशी ही भीतीही न धुता आपोआप उतरते. हे तिला कुणी सांगून पटत नाही, अनुभवानंच पटतं. ती पायरी सोपी झाली की पुढची : दुकानातून आलेले सुटे पैसे न धुता डब्यात टाकायचे. मग पोरांची दप्तरं. मग पोराला पोटाशी धरायचं. आणि सगळ्यात वरची पायरी : हात एकदा धुऊन लेकरांसाठी भाकरी थापायची. या शिडीत विषाची बाटली हाताळण्याची पायरी नसते, हे नीट लक्षात घ्या. फवारणीचे कपडे वेगळे धुण्याची रीत तशीच राहते. जे खरोखर घातक आहे ते करायला कुणी सांगत नाही. ‘कदाचित’ नावाच्या भुताबरोबर राहायला शिकवतात, एवढंच.

दुसरा उपाय औषधांचा. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्झामीन, त्याआधीचं क्लोमिप्रामीन, ही औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. ती झोपेची औषधं नव्हेत आणि त्यांची चटक लागत नाही. पण त्यांना घाई चालत नाही. पेरलेलं दुसऱ्या दिवशी उगवत नाही, तसा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही निदान एक-दोन वर्षं ती चालू ठेवावी लागतात. मनानं बंद करू नयेत. औषध आणि शिडी यांच्या मदतीनं निम्म्याहून अधिक लोकांना चांगला फरक पडतो. पुष्कळांची शंका पुरती जात नाही, पण ती दिवसभर मानगुटीवर बसायची ती कोपऱ्यात जाऊन बसते. शंका कोपऱ्यात बसलेली असतानाच स्वयंपाक होतो, पेरणी होते, पोरीचं लग्नही होतं.

आता घरच्यांसाठी चार शब्द. घरची माणसं दोन टोकांना जातात. एक टोक रागाचं : “नाटकं बंद कर!” म्हणून ओरडायचं, नळाला कुलूप लावायचं, चारचौघांत हसं करायचं. यानं लाज वाढते आणि आजार अधिक खोल लपतो. मघाशी मायर यांनी धुणं थांबवलं असं सांगितलं, ते रुग्णाच्या जोडीनं, त्याला धीर देत. जबरदस्तीचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं टोक मायेचं. तिच्यासाठी आपणही दोनदा अंघोळ करायची, तिनं विचारलं की शंभर वेळा “काही होणार नाही” म्हणायचं. हे प्रेमानंच होतं, पण व्याज भरायला सावकाराच्या दारी आपणही रांगेत उभे राहतो. मधला रस्ता असा : शांत वेळी, भांडण नसताना, बसून ठरवा. तिच्या संमतीनं ठरवा. “तू विचारलंस तर मी एकदा उत्तर देईन. दुसऱ्यांदा विचारलंस तर म्हणेन, हा प्रश्न तुझा नव्हे, शंकेचा आहे, आणि मी तुझ्याजवळ बसलोय.” आधी एक गोष्ट कमी करा, मग दुसरी. तिनं एक पायरी चढली तर त्याची दखल घ्या. चार हंड्यांतले तीन जात होते ते आज दोनच गेले, तर तेही बोलून दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपली जबाबदारी थोडी अधिक आहे. पुष्कळांचा हा आजार बालपणी किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो, म्हणजे तो आपल्या वर्गात सुरू होतो. मुलाचे हात लाल, भेगाळलेले दिसतात. तासाला दोनदा ‘नळावर जाऊ का?’ असं विचारतं. पंगतीत बसत नाही, सतरंजीच्या कडेला उकिडवं बसतं. हुशार असून पेपर अर्धाच सोडवतं, कारण तेच अक्षर खोडून पुन्हा पुन्हा लिहिताना वहीला भोक पडतं. “गुरुजी, खडूची पूड पोटात गेली तर माणूस मरतो का?” हे दहा वेळा विचारतं. अशा मुलाला छडी नको आणि ‘सोवळेराव’ नावही नको. पहिल्यांदा विचारलं तर प्रेमानं खरं उत्तर द्या. दहाव्या वेळी उत्तराऐवजी धीर द्या. आईबापांना वेगळं बोलावून, दोष न देता सांगा, आणि दवाखान्याची वाट दाखवा. वर्गात हात धुवायला शिकवताना ‘एवढं झालं की पुरे’ हेही त्याच धड्यात शिकवा.

आता वाट कोणती? प्रत्येकाला ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जावं लागतं असं नाही. या आजाराचे बहुतेक रुग्ण घरी राहून, बाह्यरुग्ण विभागात जाऊन बरे होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारलं तरी चालेल. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनं ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून असे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. त्यामुळं तिथं कुणाचे उपकार घ्यायला जायचं नाही. आणि धुऊन धुऊन थकलेल्या माणसाच्या तोंडी ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असे शब्द आले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंगारा, गंडा, देवदर्शन यांवर कुणाची श्रद्धा असेल तर तिच्याशी भांडण नाही. मात्र त्यापायी वर्षं जाऊ देऊ नका. हा आजार सुरू झाल्यापासून डॉक्टरापर्यंत पोचेतो माणसाची कितीतरी वर्षं जातात, आणि ती वर्षं शिक्षणाची, लग्नाची, लेकरं मोठी होण्याची असतात.

हे भाषण आपण ज्या घरात ऐकाल किंवा वाचाल, तिथं कदाचित मोरीत अजून पाणी वाहत असेल. त्या दाराशी जा. “किती वेळ?” असं विचारू नका. एवढंच विचारा, “फार त्रास होतोय का?” आणि उत्तर येईपर्यंत तिथं थांबा.